निपाहला माणसासाठी बदलावं लागलं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वटवाघळातला निपाह विषाणू माणसात आला म्हणजे त्याची पृष्ठभागावरची प्रथिनं बदलली असणार का? आणि पेशीत शिरायला करोनाला एक स्पाइक प्रथिन पुरतं, मग निपाहला दोन प्रथिनं कशाला?

पहिल्यासाठी ‘जी’ (G) प्रथिन, म्हणजे त्या दोनांपैकी पेशीला धरणारं, नीट समजून घ्या. चार रेणूंचं जुडगं, खाली देठ, वर डोकं. प्रत्येक डोक्याची घडण सहा पात्यांच्या पंख्यासारखी. अशीच घडण गालगुंडाच्या विषाणूतही आहे, पण तो सियालिक आम्लाला, म्हणजे पेशीवरच्या एका शर्करेला धरतो. निपाहचा पंखा मात्र पेशीवरच्या एफ्रिन-बी२ या प्रथिनालाच पकडतो, तेही फार घट्ट. एफ्रिन-बी२ शिवाय गर्भात रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत, त्यामुळे उत्क्रांतीत ते फारसं बदललेलं नाही. वटवाघूळ, डुक्कर, घोडा, माणूस, सगळ्यांत जवळपास सारखंच. म्हणजे दार उघडायला विषाणूला नवी किल्ली घडवावी लागत नाही, संपर्क आला की पुरे. मलेशियात १९९८-९९ मध्ये तो डुकरांमधून माणसांत आला. मेंदूज्वराचे २६५ रुग्ण, त्यातले १०५ दगावले. मेंदूज्वरच का, तेही इथेच कळतं: एफ्रिन-बी२ रोहिण्यांच्या अस्तरात आणि चेतापेशींवर असतं. मला या विषाणूतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

आता दुसरं. ‘जी’ फक्त धरतं; पेशीत शिरण्याचं काम दुसऱ्या, ‘एफ’ (F) प्रथिनाचं. करोनाच्या स्पाइकमध्ये ही दोन्ही कामं एकाच प्रथिनाच्या दोन भागांत आहेत, इथे ती वाटलेली आहेत. एफचा प्रवास मोठा विलक्षण आहे. तयार होऊन ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं, परत आत ओढलं जातं, तिथे कॅथेप्सिन-एल हे पेशीचं प्रथिनं कापणारं विकर त्याला कापतं आणि मगच ते कामाचं होऊन पुन्हा बाहेर येतं. पुढे जी प्रथिनाने एफ्रिन पकडलं की इशारा देठातून एफला पोचतो. एफ आपलं टोक पेशीच्या पटलात रुतवतं आणि स्वतःला दुमडून विषाणूचं आणि पेशीचं अशी दोन्ही पटलं एकमेकांवर ओढतं.

लशीसाठी एफ या दुमडण्याआधीच्या आकारातच गोठवून ठेवणं महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून घोड्यांना मिळणारी हेंड्राची लस मात्र नुसत्या जी प्रथिनावर बेतलेली आहे. हेंड्रा निपाहचाच भाऊबंद.

आणि हे दूरचं नाही. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या आहेत.