नकाशाच म्हणा, मानचित्रण नको

नाशिकला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. रोहू, कटला, मृगळ या गोड्या पाण्यातल्या माशांच्या गुणसूत्रांवर कोणतं जनुक नेमकं कुठे बसलं आहे, हे शोधण्याच्या कामावर त्या मराठीत लेख लिहीत आहेत. ‘मॅपिंग’ला मानचित्रण म्हणावं की नकाशांकन? आणि शीर्षकात ‘संबंधित प्रजाती’ चालेल का?

शीर्षकाचं आधी सांगतो, कारण ते रोज कानावर आदळतं. चालणार नाही. त्यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. मराठीत ‘संबंधित’ म्हणजे ज्याचा या प्रकरणाशी संबंध आहे तो: संबंधित अधिकारी, संबंधित खातं. रोहू आणि कटला हे काही प्रकरणात गुंतलेले मासे नव्हेत, ते एकमेकांचे भाऊबंद आहेत. ‘जवळच्या जाती’ म्हणा, ‘नात्यातल्या जाती’ म्हणा. आणि ‘प्रजाती’ हा वर्तमानपत्रांनी हिंदीतून उचललेला अर्थ आहे. हिंदीत प्रजाति म्हणजे आपली जाती. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडून पाहा: प्रजाती हा वरचा गट आणि तिच्या पोटात अनेक जाती. हा भेद पुसून टाकला तर तुमच्याच लेखात पंचाईत होईल. कटला रोहूच्या लेबिओ प्रजातीत घालायचा की त्याची वेगळी चूल मांडायची, यावर मत्स्यशास्त्रज्ञांचे दोन तट आहेत. जातीलाच प्रजाती म्हणून बसलात तर हा वाद कुठल्या शब्दांत सांगणार?

आता नकाशा.

‘मानचित्रण’वाल्यांचं म्हणणं असं की नकाशा परका, मानचित्र आपलं. भाषाशुद्धीचं मला वावडं नाही. आपल्या भगूरच्या सावरकरांचे दिनांक आणि महापौर मी रोज वापरतो, कारण ते बसले. मानचित्र मराठीत कधी बसलंच नाही. तलाठ्याकडे जाऊन ‘गावाचं मानचित्र द्या’ असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. शिवाय इथे तो शब्द अर्थानेही चुकतो. मान म्हणजे माप, मानचित्र म्हणजे मापून काढलेलं चित्र. जनुकांचा पहिला नकाशा मुळी गुणसूत्र मापून काढलेलाच नव्हता. १९१३ साली स्टर्टव्हंट या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने फळमाशीच्या सहा जनुकांचा क्रम लावला, तो संततीची मोजदाद करून. दोन जनुकं पिढीगणिक जितकी जास्त वेळा एकमेकांपासून सुटतात, तितकी ती दूर. शंभरात एकदा सुटली तर अंतर एक सेंटिमॉर्गन. हे अंतर लांबीचं नव्हे. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशामध्ये तर नरावरून काढलेलं अंतर आणि मादीवरून काढलेलं अंतर जुळतही नाही.

खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, तसा हा नकाशा आहे. कोणाच्या शेजारी कोण, हे त्यात पक्कं कळतं. प्रत्यक्ष गुणसूत्रावर बोट ठेवून ‘हे इथे’ म्हणायचं, तर तो मोजणीचा नकाशा झाला, आणि त्याची रीत वेगळी आहे. पण शेजारावरून लावलेला काय, मोजून काढलेला काय, दोन्हीला नकाशा हा एकच शब्द चालतो. तो पुरतो.

शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहा. अरबी ‘नक्श’ म्हणजे कोरणं, आणि रंगवणंही. त्याचीच नक्षी, त्याचाच नक्षीदार, ‘त्याचा नक्षा उतरवला’ यातला नक्षाही त्याच घरचा. नक्षी हा नक्षत्रावरून आला, असं एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला भर सभेत ऐकवलं होतं. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगतो, ही व्युत्पत्ती नव्हे, हे ध्वनिसाम्य आहे. नक्षत्रातला त्र कुठे गेला, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

मला त्याहून मोठं कोडं वाटतं ते ‘का’चं. हिंदीत नक्शा, गुजरातीत नकशो, मग मराठीतच नकाशा का? हा मधला आ आला कुठून? जोडाक्षर फोडून उच्चार सोपा केला, असं सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. अरबी जोडाक्षर फोडताना मराठी सहसा आधीच्याच स्वराची री ओढते: हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, वक्तचा वखत. या चालीने नक्शाचा ‘नकशा’ व्हायला हवा होता. नकाशा नव्हे. माझं मत असं की हा आ ‘नक्काश’कडून आला. नक्काश म्हणजे नक्षी कोरणारा कारागीर, त्याचं काम नक्काशी. लोकांनी तो कागद आणि ती कला एकाच तोंडाने उच्चारली आणि कारागिराचा स्वर कागदाला चिकटला. हे मत मी गेली कित्येक वर्षं मांडतो आहे. ‘पुरावा काय’ म्हणणाऱ्यांनी हुकूम-जुलूमचा नियम मोडून नकाशा कसा झाला, ते आधी सांगावं.

जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराला तांब्याच्या घंगाळावर वेल उठवताना मी तासभर बघत उभा होतो. बोटाएवढी छिन्नी, हलका हातोडा. टिचकी मारल्यासारखा एक ठोका, की पत्र्यावर एक टिंब. पुढचं टिंब कुठे, हे तो मागच्या टिंबावरून ठरवत होता. दुरून बघितलं तर वेल, जवळ गेलं तर नुसती टिंबं.

आता तुमच्या माशांकडे या. रोहू, कटला, मृगळ, तिघांचीही गुणसूत्रं पन्नास, म्हणजे पंचवीस जोड्या. आपल्याकडच्या तळ्यांत सोडतात त्या सायप्रिनस या कार्प माशाची मात्र शंभर. संख्या सारखी म्हणून आतली मांडणी सारखीच, असं नाही. शिवाय माशांची गुणसूत्रं इतकी बारीक असतात की नुसत्या आकारावरून एक जोडी दुसरीपासून ओळखणं अवघड. म्हणून कोल्चिसिन या रसायनाने पेशींचं विभाजन ऐन मध्यात थांबवतात, पेशी काचपट्टीवर पसरवतात, उष्णतेने डीएनएचे पदर सुटे करतात आणि हव्या त्या जनुकाला जाऊन चिकटेल असा चमकणारा तुकडा त्यावर सोडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या गुणसूत्रांवर लाल-हिरवी टिंबं उमटतात. रोहूत ते टिंब गुणसूत्राच्या टोकाशी आणि मृगळात मधोमध दिसलं, तर दोघांची वाट वेगळी झाल्यावर तिथे काहीतरी उलटलं किंवा सरकलं, असा अंदाज बांधता येतो. टिंबांनी उठवलेली, रंगवलेली ही नक्षीच आहे. नक्श या शब्दाचे कोरणं आणि रंगवणं हे दोन्ही अर्थ पुन्हा एका काचपट्टीवर भेटले, आणि आपण म्हणायचं मानचित्रण?

या पद्धतीला ‘फिश’ म्हणतात. तो फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशनचा संक्षेप आहे, माशांशी त्याचा काडीचा संबंध नाही. माणसाच्या गुणसूत्रांवरही हीच पद्धत वापरतात. एका प्रबंधात मी तिचं भाषांतर ‘मत्स्यतंत्र’ असं पाहिलं आणि पुस्तिका मिटून ठेवली. तुमच्या लेखात पद्धतही फिश आणि प्राणीही मासाच, तेव्हा पहिल्याच उल्लेखात हे स्पष्ट करा.

आणखी एक. ‘गुणसूत्रांचा नकाशा’ असं लिहू नका. गावाचा नकाशा वेगळा आणि गावात कोणाचं घर कुठे याचा नकाशा वेगळा. तुम्ही घरं दाखवता आहात. नकाशांकनही नको. नकाशा काढतात, तेव्हा क्रियापद ‘नकाशा काढणे’. शीर्षक असं करा: ‘रोहू, कटला, मृगळ: जवळच्या तीन जातींच्या गुणसूत्रांवरील जनुकांचे नकाशे’. नकाशे अनेकवचनीच ठेवा, प्रत्येक माशाचा वेगळा आहे.