'वन' लिहिलं की भलतंच वाक्य येतं

प्रश्न : नमस्कार सर, मी वकीलसाहेबांकडे टायपिंग करते, लिब्रेऑफिस रायटरमधे. दावा, कैफियत, अ‍ॅफिडेव्हिट सगळीकडे तीच तीच वाक्यं येतात म्हणून ऑटोकरेक्टमधे शॉर्टकट केलेत, 'वन' टाकून स्पेस दिली की 'वर नमूद केलेली मिळकत' येतं. पण 'वन विभाग' लिहायला गेलं तरी तेच येतं, आणि काही फाइलींमधे तर शॉर्टकट अजिबात चालत नाही. आता ऑफिसला नवीन कॉम्प्युटर येतोय, सगळं परत भरावं लागेल का?

उत्तर : नाही, परत भरू नका. आधी फाइलींचं बघू. ऑटोकरेक्टची यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते, शॉर्टकट भरताना खिडकीत वरती जी भाषा निवडलेली असेल तिच्याच खात्यात तो जातो. बऱ्याच कॉम्प्युटरवर देवनागरीसाठी हिंदी सेट असते, म्हणजे तुम्ही टाइप करता मराठी आणि रायटर ते हिंदी समजतो, मग मराठीच्या यादीतलं त्याला सापडणार कसं? खालच्या पट्टीवर कुठली भाषा दिसते बघा आणि ऑप्शन्समधे लँग्वेजेसमधे जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या खात्याला) मराठी करून टाका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली असतील तर मात्र हे चालणार नाही, तिथे आत रोमन अक्षरंच असतात.

आता 'वन'. आत्ताच्या आत्ता कंट्रोल झेड दाबलंत तर बदललेलं परत येतं, पण लक्ष गेलं नाही तर? कोर्टात जाणारा कागद आहे, त्यात कोणी न मागता एक शब्दही शिरता कामा नये, म्हणून मी तर म्हणेन ही वाक्यं ऑटोकरेक्टमधून काढाच आणि ऑटोटेक्स्टमधे टाका. वाक्य सिलेक्ट करायचं, कंट्रोल एफ३ दाबायचं, नाव आणि शॉर्टकट द्यायचा, बाजूच्या बटणातून न्यू निवडायचं, झालं. पुढे शॉर्टकट टाइप करून एफ३ दाबलं तरच मजकूर येतो, नाही दाबलं तर 'वन' हे 'वन'च राहतं. शिवाय यात चार-पाच परिच्छेद, बोल्ड, टेबल सगळं जसंच्या तसं बसतं, आणि पक्षकाराच्या नावाच्या जागी प्लेसहोल्डर फील्ड (नंतर भरायच्या जागेची खूण) टाकून ठेवलं की त्यावर क्लिक करून नाव भरायचं, जुन्या दाव्यातलं नाव चुकून राहून जाण्याची भीतीच नको! ऑटोकरेक्ट फक्त टायपिंगच्या चुकांसाठी ठेवा.

नवीन कॉम्प्युटरसाठी लिब्रेऑफिस बंद करून विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधे रोमिंग, लिब्रेऑफिस, ४, युझर असं आत जा, तिथले ऑटोकॉर आणि ऑटोटेक्स्ट हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि नवीन मशीनवर त्याच जागी ठेवा. दोन्ही कॉम्प्युटर वापरणार असाल तर ऑटोटेक्स्टच्या खिडकीत पाथ बटण आहे, त्यातून दोघांना एकच शेअर केलेला फोल्डर देता येतो.