चुनखडीच्या वावरात भुईमूग-सोयाबीन पिवळं पडतं, हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) टाकूनही फरक नाही. ताग गाडून किंवा आंतरपीक घेऊन लोह वाढेल का?

वाढत नाही भाऊ, मोकळं होतं. काळी माती बसॉल्टची झीज, तिच्यात लोहाला काय तोटा? पण चुनखडी असली, सामू (pH) 8 च्या वर गेला, की ते गंजासारखं थिजून बसतं. मातीत टाकलेला हिराकसही थोड्या दिवसांत त्याच गंजात जमा. आम्ही तीन वर्षं टाकला. दुकानदार खूश होता.

आमचं वावर अकोल्याकडचं, वखर घातला की पांढरे खडे वर येतात. एका वर्षी भुईमूग पेरताना तिफणीच्या चाड्यात जुनी ज्वारी राहिली होती, ती एका तासात, म्हणजे पेरणीच्या एका ओळीत, पडली. उपटायचा आळस केला. महिनाभरात सगळा भुईमूग पिवळा, शेंड्याची पानं लिंबाच्या सालीसारखी, शिरा तेवढ्या हिरव्या. फक्त ज्वारीच्या दोन्ही अंगाचं एकेक तास हिरवंगार.

मोठ्या भावाला नेऊन दाखवलं. तो म्हणे, "सावलीनं हिरवं दिसते." ज्वारी होती गुडघ्याएवढी, तिची सावली ती केवढी! कुदळीनं ढेकूळ उचलून दोघांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या दाखवल्या. म्हणे, "गुंतल्या तं गुंतल्या."

तृणधान्यं मुळांतून एक द्रव सोडतात, तो मातीतलं लोह धरून आणतो आणि शेजारच्या भुईमुगालाही त्यातलं मिळतं. मका-भुईमुगाच्या जोडीवर चीनमध्ये हे तपासून झालंय. आमचे बाबा काही न वाचता भुईमुगात ज्वारीची तासं टाकायचे. भावानं ती बंद केली, का तर रानडुकरं येतात. येतात, खोटं नाही. पण म्हणून बाबा चुकत होते, असं चारचौघांत म्हणायचं काही कारण नव्हतं.

तागाचंही तेच. मृगात पेरला, फुलावर येताना, दीड महिन्यानं गाडला, रब्बीत हरभरा घेतला. भाऊ धुऱ्यावरून ओरडला, "तागाचे का दोर वळतं बे?" खरीप गेला हे खरं. पण पुढच्या वर्षी पिवळेपणा बराच कमी. पाला कुजताना निघणारी आम्लं लोह विरघळवून धरून ठेवतात. यंदा भावानं भुईमुगात मक्याची तासं टाकलीत. विचारलं तर म्हणे, गुरांच्या चाऱ्यासाठी.

आता राहिलेलं. लोह सोडण्यात ज्वारीचा हात मक्याहून आखडता असतो, म्हणून जमेल तर मकाच घ्या, पण दाट नको, भुईमूग दबतो. ताग गाडल्यावर लगेच पेरू नका, त्यातून पाणी साचलं तर चुनखडीत पिवळेपणा उलट वाढतो. उभ्या पिकाला आत्ता वाचवायचं असेल तर फवारणीच: लिटरला 5 ग्रॅम हिराकस, चिमूटभर लिंबूसत्व, ताजं कालवून, संध्याकाळी. आधी चार झाडांवर मारून बघा. आठवड्यात हिरवी झाली नाहीत तर रोग दुसराच. सोयाबीनवर पांढरी माशी आणि पानांवर वेडेवाकडे पिवळे चट्टे असतील तर तो मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग, त्याला ना ताग चालत ना मका.