धावण्याचा सराव वाढवल्यापासून सात महिने पाळी आलेली नाही. चरबीतल्या लेप्टिन या संप्रेरकाची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्नाखालच्या तपशिलात आपण 'तशी पाळी नसणे सोयीचेच वाटते' असे लिहिले आहे. त्या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले, कारण २००२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मीही हेच म्हणत असे.

मी तेव्हा विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात होते. दर शनिवारी सराव संपला की सर आम्हा मुलींना एकेक करून वजनकाट्यावर उभे करत आणि आकडा वहीत लिहीत. आदल्या शनिवारपेक्षा तो वाढलेला असला तर त्याभोवती लाल शाईचा गोल पडे. तो गोल चुकवण्यासाठी मी शुक्रवारी रात्री जेवत नसे आणि एरवीही आईने वाढलेल्या दोन भाकऱ्यांपैकी एक हळूच टोपलीत परत सरकवत असे. चौदा महिने पाळी आली नाही. सरांच्या मते ते तयारी पक्की झाल्याचे लक्षण होते. आत्या मात्र म्हणायची, "अंगात काही शिल्लकच नाही, तर पाळी येईल कुठून?" आणि मी तिला अडाणी समजत होते. पंधराव्या महिन्यात डाव्या नडगीच्या हाडाला पडून किंवा आपटून नव्हे, तर नुसत्या धावण्याने बारीक तडा गेला.

आत्या बरोबर होती, आणि तिच्या बाजूचा पुरावा तोवर आठ वर्षांचा झाला होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ज्या जनुकाचा शोध लावला, त्यापासून तयार होणारे लेप्टिन चरबीच्या पेशींतून रक्तात येते आणि शरीरात किती साठा आहे ते मेंदूला कळवते. ज्या उंदरांत हे जनुक बिघडलेले असते ते लठ्ठ असूनही वंध्य असतात, कारण चरबी भरपूर असली तरी तिचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. अशा माद्यांना बाहेरून लेप्टिन दिल्यावर त्यांना पिल्ले झाल्याचे १९९६ मध्येच दिसून आले होते. माणसात हा निरोप प्रामुख्याने किसपेप्टिन नावाचे संदेशद्रव्य बनवणाऱ्या आणि इतर मध्यस्थ चेतापेशींमार्फत पुढे जातो. तो क्षीण झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून ठरावीक अंतराने सुटणारे जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतात, पीयूषिका ग्रंथी बीजांडकोशाला पुरेशी चालना देत नाही, आणि बीजमोचन, म्हणजे बीजांड बाहेर पडणे, थांबते. शिवाय उपासमार सुरू झाली की लेप्टिन चरबी घटण्याच्या कितीतरी आधी खाली येते. त्यामुळे 'मी काही फार बारीक नाही' हा आपला युक्तिवाद टिकत नाही.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अति व्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी गेलेल्या आठ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शने दिली, तेव्हा तिघींमध्ये बीजमोचन झाले. म्हणून कोणी इंजेक्शनाच्या मागे लागू नये. त्याने भूक आणखी कमी होते. बाजारात 'लेप्टिन'च्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या तर निव्वळ फसवणूक आहे, कारण ते प्रथिन आहे आणि पोटात गेले की पचून जाते.

लेप्टिनच्या तपासणीवर पैसे घालवू नका. आकडा कमी आला तरी उपाय पुरेसे खाण्याचाच राहील. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे, व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून, दिवसाला ३० किलोकॅलरींपेक्षा कमी उरू लागले की संप्रेरकांचे ठोके बिघडू लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मला एका डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्तस्राव झाला आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. पण त्या रक्तस्रावाचा अर्थ बीजमोचन झाले असा होत नाही, हे कोणी सांगितले नाही. खरी पाळी आली ती पाय प्लास्टरमध्ये असताना, दोन्ही भाकऱ्या खाऊ लागल्यानंतर पाचव्या महिन्यात. पुढे तिसाव्या वर्षी कोणत्याही उपचाराविना मला मुलगी झाली.

हे आधीच सांगायला हवे होते: मी डॉक्टर नाही, आणि पाळी थांबण्यामागे गर्भधारणा, थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाची वाढ किंवा पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार अशी वेगळी कारणेही असू शकतात, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ती आधी तपासून घ्या आणि हाडांच्या घनतेबद्दलही विचारा. शिवाय चरबी जितकी जास्त तितके बरे, असाही याचा अर्थ नाही. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला नीट दाद देत नाही आणि पाळी तिथेही बिघडू शकते.

आपले प्रशिक्षक वजनाची वही ठेवत असतील, तर तिच्यात पाळीच्या तारखेचा एक रकाना आखायला सांगा. प्लास्टर निघाल्यावर मी आमच्या सरांना हे सुचवले होते. त्यांनी काही न बोलता वही मिटली आणि पुढच्या मुलीला काट्यावर बोलावले.