बिलीरुबिन 6.8 आलंय, डोळे पिवळे आहेत. गावठी औषध घेऊ का? हळद-तेल किती दिवस बंद ठेवायचं?

हळद-तेलाचं आधी सांगून टाकते. जेवणातल्या हळदीने कावीळ वाढत नाही. गाजर-पपई रोज ढीगभर खाणाऱ्यांचे तळहात पिवळे होतात खरे, पण त्यांचे डोळे पांढरेच राहतात, ती कावीळ नव्हे. तेलाने मळमळत असेल तर कमी घ्या, नसेल तर नेहमीसारखं जेवा. आणि 'थंड असतो' म्हणून गाड्यावरचा उसाचा रस पिऊ नका. त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, ते गाडेवाल्यालाही ठाऊक नसतं.

आता गावठी औषध. तो शब्द वाचला म्हणून तर लिहायला बसले. आमच्या घरात या एका विषयावर अकरा वर्षं भांडण चालू आहे.

मी बारावीत असताना मला कामीण झाली (आमच्याकडे गोव्यात कावीळीला कामीणच म्हणतात). पावसाळ्याचे दिवस, विहिरीचं गढूळ पाणी, वर्गातल्या आणखी चौघींनाही झाली. आत्याने मला सत्तरी तालुक्यातल्या एका गावात नेलं. तिथल्या बाईंनी माझ्या हातांना कसला तरी रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायला सांगितले. पितळेच्या ताटातलं पाणी बघता बघता हळदीसारखं पिवळं झालं. "बघ, कशी उतरतेय," आत्या म्हणाली. मीही थक्क. गळ्यात मुळ्यांची माळ घातली, ती रोज थोडी थोडी लांबत पोटापर्यंत आली. तीन आठवड्यांत मी ठणठणीत. आत्याने बाईंना नारळ, साडी आणि पुढची सगळी वर्षं पुरेल एवढी जाहिरात दिली.

पुढे बीएस्सीला असताना मी तोच प्रयोग घरी केला. आंब्याची साल ठेचली, रस धाकट्या भावाच्या हाताला चोळला आणि चुन्याची निवळी ओतली. भावाला जन्मात कधी कावीळ झालेली नाही, पाणी मात्र पिवळंधमक. माळेचंही तेच. देठ वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. खिळ्याला टांगून ठेवली असती तरी लांबली असती. आणि वर्गातल्या त्या चौघी? त्याही बऱ्या झाल्या, त्यातल्या दोघी तर कसलंच औषध न घेता. पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेक वेळा आपसूकच बरी होते. श्रेय त्या महिन्यात जो कोणी औषध देत असेल त्याला मिळतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी बाबांच्या वेळी मी गप्प बसले, ते अजून सलतं.

चवथीला पंधरा-वीस दिवस असतील. बाबांचे डोळे पिवळे झाले. आत्या फोंड्याला आली आणि गाडी करून त्यांना त्याच गावात घेऊन गेली. बाई आता थकल्या होत्या, त्यांचा मुलगा औषध देत होता. ताट तेच. बाबा आले ते गळ्यात माळ घालून. मग पथ्य सुरू, नुसती पेज, लोणच्याची फोडसुद्धा नाही. दिवसेंदिवस बाबांना खाज सुटत गेली. रात्री अंथरुणात बसून आईच्या लाकडी फणीने पोटऱ्या खाजवायचे, चादरीवर रक्ताचे ठिपके. बनियनच्या काखा पिवळ्या. "कामीण बाहेर पडते आहे," आत्या म्हणाली. तेराव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. तेव्हा इस्पितळात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने पहिल्या मिनिटाला विचारलं, "काका, शौचाला रंग कसा होतो?" बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "पांढरट. मातीसारखा. दहा-बारा दिवस झाले." घरात कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

शौचाला जो रंग असतो तो पित्ताचा. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, त्यातून बिलीरुबिन तयार होतं, यकृत ते पित्तात सोडतं आणि पित्त आतड्यात उतरतं. बाबांच्या पित्तनलिकेत खडा अडकला होता. वाटच बंद, म्हणून शौच पांढरं, लघवी कोऱ्या चहासारखी आणि अंगभर खाज. बिलीरुबिन 17. पित्त आतड्यात नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो. आधी ती इंजेक्शनं दिली. मग तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला, तेव्हा पू मिसळलेलं पित्त आलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला आणखी एखाददोन दिवस पुरले असते. ही कावीळ मुळ्यांनी उतरत नाही. खड्याला मुळी काय करणार?

बाबा वाचले. तिसऱ्या दिवशी संडासातून बाहेर येऊन वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "रंग आला!"

आत्याचं म्हणणं आजही असं, की औषध पुरं घेऊ दिलं नाहीत. आणि माझ्याकडे बोट दाखवून, "तुजी कामीण कोणें देंवयली?" (तुझी कावीळ कोणी उतरवली?) यावर मी अकरा वर्षं देत आलेलं उत्तर इथे लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर वाचून दाखवता येईल: कोणीच नाही, ती आपणहून उतरली.

मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्र शिकवते. भुईआवळ्यात काहीच नाही असंही मी म्हणत नाही. पण कुठली कावीळ ते कळायच्या आधी पाला वाटू नका. चुलतभावाचं बिलीरुबिन उपवास केला की 2 च्या वर जातं, ते जन्मजात आहे आणि त्याला औषधच लागत नाही. शेतात चिखलात काम करणाऱ्याला पावसात ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे पिवळे एकदम झाले तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) असू शकतो, तिथे एक दिवस घालवणंही महागात पडतं. घरात गर्भवती बाईचे डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी न्या, हिपॅटायटिस ई शेवटच्या महिन्यांत जीव घेऊ शकतो. पेशंट असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला, तर कोणाचंच ऐकत बसू नका. नुसत्या बिलीरुबिनच्या आकड्यावर जाऊ नका, पीटी-आयएनआरही (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करून घ्या. यकृत खरोखर काम करतंय की नाही ते त्यावरून जास्त कळतं.

तुमच्या 6.8 मध्ये डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं बिलीरुबिन) किती आणि इनडायरेक्ट (प्रक्रिया न झालेलं) किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. खाज आहे का? ताप? आणि शौचाचा रंग कसा आहे?