बुद्धिबळपटूंचे तुम्हाला सर्वांत लक्षात राहिलेले फोटो कोणते?

आमच्या घरात बुद्धिबळाचा एकच फोटो आहे, तिथूनच सुरू करतो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गणपतीत स्पर्धा असायच्या. सातवीत असताना मी तिथे एका इंजिन ड्रायव्हरकाकांना हरवलं. फोटोत माझी बत्तीशी दिसतेय. काकांनी राजा आडवा केलाय, पण नजर अजून पटावरच, चूक नेमकी कुठे झाली ते शोधत. वडील अमळनेरकडचे, घरात अहिराणी. फोटो धुऊन आला तेव्हा म्हणाले, "तुनं तोंड ऱ्हाऊ दे, त्यासनं देख." तेव्हापासून अशा कुठल्याही फोटोत मी आधी जिंकणाऱ्याच्या समोर कोण बसलंय ते बघतो.

या नजरेने पाहिलं तर पहिला नंबर सॅम्युअल रेशेव्हस्कीचा. १९२० साल, फ्रान्स. पोलंडमध्ये जन्मलेलं आठ वर्षांचं पोर एकाच वेळी कितीतरी जणांशी खेळतंय. सगळे त्या मुलाचं कौतुक करतात, ते ठीकच आहे. पण टेबलांमागची वयस्कर मंडळी बघा. नातवाच्या वयाच्या मुलाने हत्ती मारला की माणूस कसा गप्प होतो, ते आमच्याकडे ओट्यावर खेळणाऱ्या कुणालाही विचारा. रेशेव्हस्की पुढे अमेरिकेचा मोठा ग्रँडमास्टर झाला. त्या टेबलांवरच्या लोकांची नावं मात्र फोटोसोबत कुणी देत नाही.

रशियाच्या गॅरी कास्पारोव्हचे दोन. २००४ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकला त्याच्यासमोर तेरा वर्षांचा मॅग्नस कार्लसन होता. चाल करून पोरगं उठतं आणि शेजारचे डाव बघत हिंडतं, जत्रेत आल्यासारखं! आणि जगातला अव्वल खेळाडू तोंड वाकडं करून पटाकडे बघत बसलाय. तो डाव बरोबरीत सुटला. पुढचा कास्पारोव्हने जिंकला, पण ते कुणाला आठवतंय?

दुसरा न्यूयॉर्कचा, ११ मे १९९७. आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा सहावा आणि शेवटचा डाव, अवघ्या १९ चालींत संपलेला. त्या सामन्याचा फोटो म्हटलं की दोन्ही हातांत डोकं धरलेला कास्पारोव्हच समोर येतो. इथे माझी सवय फसते, कारण समोर बसलेला माणूस खेळाडूच नाही. तो फक्त यंत्राने सांगितलेली चाल पटावर करतोय. त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, आणि या फोटोची खरी भीती मला तिथेच वाटते.

अलेखाइनचा शेवटचा फोटो तर समोर कुणीच नसलेला. मार्च १९४६, पोर्तुगालमधलं एस्तोरिल, हॉटेलची खोली. ओव्हरकोट घालून खुर्चीत गेलेला जगज्जेता आणि जवळ मांडलेला पट. ती मांडणी फोटोसाठी मुद्दाम केली असावी असा संशय अनेकांनी घेतलाय. मलाही तो पट फारच नीटनेटका वाटतो.

अलीकडचा म्हणाल तर १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती नको त्या घरात नेला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. गुकेशचं रडणं सगळ्यांनी पाहिलं, मीही त्या संध्याकाळी मोबाईल हातातून सोडला नव्हता. पण मनात राहिला तो टेबलावर डोकं टेकवलेला डिंग. त्यानंतर गुकेशने सगळे मोहरे पुन्हा जागेवर लावून ठेवले, तोही फोटो शोधा. (बाकूमध्ये २०२३ ला लेकाकडे बघून हसणारी प्रज्ञानंदची आई याच यादीत घालतो. तिथे पटच दिसत नाही, तरी चालेल.)

आता मला हवा असलेला आणि कधीच न सापडलेला फोटो. १९७२, रेक्याविक. अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा बोरिस स्पास्की यांच्यातली जगज्जेतेपदाची लढत. फिशरने कॅमेऱ्यांवरून एवढा तमाशा केला की दुसरा डाव तो खेळलाच नाही आणि तिसरा रंगमंचामागच्या एका छोट्या खोलीत झाला. सहावा डाव पुन्हा प्रेक्षकांपुढे. फिशरने तो इतका सुंदर जिंकला की लोक टाळ्या वाजवू लागले, आणि हरलेला स्पास्कीही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला. फिशरचे त्या वर्षीचे आइसलँडमधले घोड्यासोबतचेसुद्धा फोटो मिळतात. टाळ्या वाजवणारा स्पास्की कुणाकडे असेल तर इथे खाली टाका, मी छापून ड्रायव्हरकाकांच्या शेजारी लावणार आहे.