आयपॅड नव्या कॉम्प्युटरला जोडताना अ‍ॅपमधला डेटा कसा सांभाळायचा

तुमची अडचण मला समजली ती अशी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. जकार्डची डिझाइनं एका अ‍ॅपमध्ये, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी दुसऱ्यात, आणि दोन्ही आयपॅडवर. जुना विंडोज कॉम्प्युटर आता कधी मान टाकेल सांगता येत नाही. नवा आणलाय, पण दुकानदार म्हणतो, "नव्याला जोडलात की सगळं उडणार."

नुसतं जोडल्यानं काही उडत नाही. तुमची डिझाइनं आणि ऑर्डरी आयपॅडच्या पोटात आहेत, जुन्या कॉम्प्युटरवर नाहीत. तिथं फार तर दोन गोष्टी असतील, एक आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी म्हणजे गाणी-व्हिडिओ, आणि दुसरा कधीतरी घेतलेला बॅकअप, म्हणजे डेटाची राखीव प्रत. म्हणजे जुना कॉम्प्युटर उद्या बंद पडला तरी आयपॅडवरच्या कामाला धक्का नाही.

मग दुकानदाराला ही भीती कुठून? ती अगदीच हवेतली नाही. पूर्वी अ‍ॅप्ससुद्धा आयट्यून्समधून सिंक व्हायची, म्हणजे कॉम्प्युटरवर असेल तेच आयपॅडवर ठेवलं जायचं. नव्या कॉम्प्युटरवरची लायब्ररी रिकामी, त्यात अ‍ॅप्सचं सिंक चालू केलं की आयपॅडवरची अ‍ॅप्स निघून जायची आणि त्यांच्याबरोबर आतला डेटाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयट्यून्स १२.७ पासून अ‍ॅप्सचा तो भागच काढून टाकला. पण एकदा तोंड पोळलेली माणसं अजून ताक फुंकून पितात, त्यात त्यांचा दोष नाही.

आज धोका उरलाय तो दोन बटणांत. पहिलं, "इरेज अँड सिंक". गाणी किंवा व्हिडिओ सिंक करायला गेलात की खिडकी येते: हा आयपॅड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का? इथं "कॅन्सल". हे बटण दाबलं तर जुन्या कॉम्प्युटरवरून भरलेली गाणी, सिनेमे वगैरे जातात. दुसरं बटण "रिस्टोअर बॅकअप", आणि खरा घात हे करतं. मागच्या दिवाळीचा बॅकअप आज आयपॅडवर चढवलात, तर दिवाळीनंतरची एकेक ऑर्डर गेली म्हणून समजा. कॉम्प्युटर बदलला म्हणून रिस्टोअर करावं लागतं हा गैरसमज फार पसरलेला आहे. आयपॅड तोच आहे ना? मग रिस्टोअरची गरजच नाही.

करायचं एवढंच. नव्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून "अ‍ॅपल डिव्हाइसेस" किंवा आयट्यून्स घ्या. आयट्यून्स घेतलंत तर आयपॅड जोडायच्या आधी एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हाइसेस इथं जाऊन आपोआप सिंक होऊ नये अशी खूण करून ठेवा. मग केबल लावा, आयपॅडवर "ट्रस्ट" विचारेल, हो म्हणा, पासकोड टाका. डाव्या-उजव्या बाकी कशालाही हात न लावता थेट बॅकअपच्या भागात जा, "धिस कॉम्प्युटर" निवडा, "एन्क्रिप्ट लोकल बॅकअप"वर खूण करा, पासवर्ड द्या आणि "बॅक अप नाऊ". एन्क्रिप्ट, म्हणजे बॅकअपला पासवर्डचं कुलूप, यासाठी, की साठवलेले पासवर्ड आणि वाय-फायच्या सेटिंग्ज फक्त तशाच बॅकअपमध्ये येतात. पासवर्ड ऑर्डरच्या वहीत लिहून ठेवा. विसरलात तर तो बॅकअप अ‍ॅपलसुद्धा उघडून देऊ शकत नाही.

एक गंमत इथं बऱ्याच जणांना अडवते. ही एन्क्रिप्टची खूण कॉम्प्युटरवर नसते, आयपॅडमध्ये असते. जुन्या कॉम्प्युटरवर कुणी कधी पासवर्ड लावला असेल तर नव्यावर खूण आधीच दिसेल आणि पासवर्ड तोच जुना. आठवत नसेल तर आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये जनरल, तिथं "ट्रान्सफर ऑर रिसेट आयपॅड", मग रिसेट, त्यातलं "रिसेट ऑल सेटिंग्ज". डेटा जात नाही. वॉलपेपर, स्क्रीनची मांडणी असलं काहीबाही मूळ जागी जातं आणि बॅकअपचा पासवर्ड निघतो. "रिसेट"च्याच खालची "इरेज" शब्दाची ओळ मात्र दाबू नका. या दोन ओळी इतक्या जवळजवळ ठेवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

बॅकअप ऑफिसात बसून घ्या, शेडमध्ये पत्र्याखाली नको. आयपॅडला ३५ अंशांपर्यंतची हवा मानवते, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी कधी ओलांडतो ते तुम्हाला सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवा, नाहीतर नेमकी मध्येच लाईट जाते.

झाल्यावर तारीख-वेळ बघून घ्या. पण एवढ्यावर मी तरी थांबणार नाही. बॅकअपमध्ये अ‍ॅपचा डेटा असतो, अ‍ॅप स्वतः नसतं. रिस्टोअर करताना ते अ‍ॅप स्टोअरवरून पुन्हा उतरतं. तुमचं डिझाइनचं अ‍ॅप उद्या स्टोअरवरून गायब झालं तर बॅकअप असूनही डिझाइनं उघडणार कशात? म्हणून महत्त्वाची डिझाइनं चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात बाहेर काढून ठेवा. त्याच खिडकीत "फाइल शेअरिंग" किंवा "फाइल्स" असा भाग असतो. तिथं अ‍ॅपचं नाव दिसलं तर फाइल थेट कॉम्प्युटरवर ओढता येतात. सगळी अ‍ॅप्स तिथं दिसत नाहीत. न दिसणाऱ्यांसाठी अ‍ॅपच्या आतलं "एक्स्पोर्ट" शोधा. आणि जागा करायची म्हणून अ‍ॅप "डिलीट" करू नका, "ऑफलोड" करा; डिलीटमध्ये डेटा जातो, ऑफलोडमध्ये राहतो.

आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवायचं का असं विचारलंत म्हणून: फुकटातली जागा ५ जीबी. ऑर्डरींना पुरेल, डिझाइनांना बहुधा नाही.

जुना कॉम्प्युटर चालू होत असेल तर त्यावरचा जुना बॅकअपही उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप असा माग काढत जा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमधून लपलेल्या फाइल दाखवायला सांगा. फोल्डर अख्खं उचला, आतल्या फाइलींची नावं बदलू नका. आयट्यून्सवरून विकत घेतलेली गाणी-सिनेमे असतील तर तो कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी अकाउंट मेनूतून डीऑथराइज करा, म्हणजे त्याची परवानगी खात्यावरून काढा, कारण एका खात्यावर पाचच कॉम्प्युटर चालतात.

डिझाइनचं अ‍ॅप नेमकं कुठलं आणि आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टिम) कितवं, ते कळवा. फाइल बाहेर काढायची सोय प्रत्येकात वेगळ्या जागी असते, तेवढं बघून सांगतो.